सीटच्या पाठीतली हवा

रत्नदीप,

ट्रकच्या सीटच्या पाठीतली, कंबरेले टेका देणारी हवेची पिशवी बादलीत बुडवून पाह्यली. एक बुडबुडा नाई. तू तीन ठिगळं उगाच लावले. भोक कधी नव्हतंच. रोज सकाळी तू आंघोळीले गेला की वॉल्व्ह मीच ढिला करत होतो.

तुहा दादा ट्रकच्या अपघातातच गेला. पाठ दुखली तर तू तरी घरी बसशीन, असं वाटलं. मी स्वतः ड्रायव्हर असून पाठीसाठी कधी गाडी उभी केली नाई, हे इसरलो. काल सेवाग्रामले डॉक्टरनं तुले पाठीचं ऑपरेशन सांगितलं.

वॉल्व्ह घट्ट केला. मी तुह्या बहिणीकडे, मयुरीकडे तळेगावले चाललो. शिव्या फोनवर देजो.

तुह्या आईले मात्र पिशवीले भोक होतं, असंच सांगजो.

बाबा