मालकाने आधी आंघोळ करावी

प्रिय घरमालक,

सोन्या म्हणायची जुनी सवय आहे, पण आज हात धजत नाही. तुझ्या नव्या कार्डावर 'मालमत्ता गुंतवणूकदार' असं छापून घेतलंयस म्हणे. छान! मग त्या गुंतवणूकदार साहेबांनी हे पत्र शेवटपर्यंत वाचावं. फोनवर तू 'हो आई, हो आई' करत निम्म्यातच ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले.

आधी बातमी. शिलाईवाल्या बाई वाचल्या. वरच्या मजल्यावरच्या, ज्यांना तू 'तीन नंबर' म्हणतोस, त्याच. काल दवाखान्यात उठून बसल्या, मला ओळखलं, चार घोट चहा घेतला. पण कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडत होता. हात थरथरतात. डॉक्टर म्हणतात, सुधारेल, पण कधी ते सांगत नाहीत. ज्या बाईचं पोट सुईत दोरा ओवण्यावर चालतं, तिला हे मलाच सांगावं लागलं. तू मात्र फोनवर पहिल्यांदा काय विचारलंस, आठवतंय? पोलीस आले होते का. अरे, माणूस जगलं का मेलं हे तरी आधी विचारायचंस!

तू तिथे नव्हतास, मी होते. त्या दिवशी सकाळी माझ्या डोक्यावर, म्हणजे त्यांच्या बाथरूममध्ये, पाणी वाहायचा आवाज थांबेचना. पाण्याच्या बाबतीत बाई फार जपून, म्हणून मी वर गेले. हाका मारल्या, दार बडवलं. शेवटी कोपऱ्यावरच्या सुताराने पहारीने बाहेरचं आणि बाथरूमचं, दोन्ही दारं उचकटली. आत वाफ, गॅसचा गीझर चालू, आणि बाई फरशीवर, ओठ राखेसारखे. सुतार आत पाऊल टाकतो न टाकतो तोच त्यालाही गरगरायला लागलं. त्यांना ओढून जिन्यात आणलं, मग मी दारातूनच बाथरूममध्ये वर बघितलं. जिथे जाळीची खिडकी होती तिथे गुळगुळीत भिंत, गीझरचा विषारी धूर जायला वाटच नाही. वर तुझा तो मोतिया रंग. पलीकडे, हवेसाठी सोडलेल्या जागेत, तुझं भिंतीतलं कपाट. ते कपाट दाखवून तू भाडं वाढवलंस आणि मित्रांना फोटो पाठवलेस.

तुझ्या बाबांनी चार खोल्यांत चाळीस वर्षं भाडेकरू ठेवले. एकदाही कुणाशी कज्जा झाला नाही. त्यांची एकच विचित्र पद्धत होती आणि सगळे त्यावर हसायचे. तूही हसायचास. खोली रिकामी झाली, रंग झाला, की नवा माणूस यायच्या आधी ते स्वतः टॉवेल खांद्यावर टाकून तिथे जायचे. सगळी दारं लावून आंघोळ करायचे, चहा करून प्यायचे, दुपारी तिथेच सतरंजीवर आडवे व्हायचे. कुठला नळ ठिबकतो, कुठे करंट लागतो, दुपारचं ऊन कुठे येतं, सगळं अंगाला कळायचं. ते म्हणायचे, मालकाने आधी आंघोळ करावी, मग किल्ली द्यावी. तू त्या बाथरूममध्ये एकदा जरी दार लावून गरम पाण्याने आंघोळ केली असतीस, तर तुझं तुलाच कळलं असतं. पण तू गवंड्याला फोनवरून मापं सांगितलीस. गवंडी बिचारा विचारत होता म्हणे, साहेब, हवा कुठून येणार? त्याला तू काय सुनावलंस ते त्याने मला सांगितलं. लिहायची लाज वाटते.

तुला घरं भाड्याने कशी द्यायची ते शिकायचंच होतं ना? मग ऐक, फुकट सांगते, यासाठी कुठल्या गुंतवणुकीच्या शिबिराला जायला नको. ओल आली तर आधी गळती शोध, वरून रंग फासू नकोस; ओल परत येते आणि भाडेकरू मनातून उतरतो. किल्ली देताना त्या माणसाला बरोबर घेऊन घर फिर, भिंतीवरचा ओरखडासुद्धा लिहून घे आणि दोघांनी सह्या करा, म्हणजे जाताना अनामतीवरून तोंड वाजत नाही. त्यांच्या घरात न विचारता शिरू नकोस. घर तुझं असलं तरी संसार त्यांचा आहे. प्लंबर एकच ठेव आणि त्याला कधी ताटकळत ठेवू नकोस. आणि भाडेकरू तक्रार करतो तेव्हा तो कटकट करत नसतो, तुझ्या घराची राखण करत असतो. हे शेवटचं मी तुला शिकवतेय खरी, पण कुठल्या तोंडाने, ते पुढे कळेल तुला.

बाकी तीन खोल्यांतल्या खिडक्याही तू बुजवल्यास, हे मला त्या दिवशी जिन्यात उभं राहिल्यावर आठवलं. तीनही गीझर त्याच तासाला बंद करवले. त्याच गवंड्याला बोलावलं आणि भिंती फोडून घेतल्या. तुझी कपाटं गेली. रडायचं असेल तर रड.

आणि मग तुझा तो कागद आला. टाईप करून, खाली रेघ मारून, माझं पूर्ण नाव लिहून. त्यात लिहिलंयस की बाईंनी थंडी वाजते म्हणून स्वतःच खिडकी बुजवून घेतली, मालकांना काही कल्पना नव्हती. घर माझ्या नावावर, म्हणून सही माझी. वर चिठ्ठी, 'आई, फक्त सही कर, बाकी मी बघतो.' अंगाची लाही लाही झाली. मरता मरता वाचलेल्या बाईवर आळ घालायचा, तोही माझ्या हाताने!

आता ऐक. 'काही कल्पना नव्हती' हे धडधडीत खोटं आहे, आणि फक्त तुझ्यापुरतं नाही. तीन आठवड्यांपूर्वी बाई माझ्याकडे आल्या होत्या. आंघोळीला गेलं की डोकं दुखतं, गरगरतं म्हणाल्या. मी तुला फोन केला. तू म्हणालास, भाडेकरूंना काहीतरी निमित्त लागतंच, दुर्लक्ष कर. आणि मी, चाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याचं सगळं विसरून, वर गेले आणि बाईंना सांगितलं, नवीन रंगाचा वास असेल, होईल सवय. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. काल त्यांनी मला त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही, उलट माझ्या गुडघ्याची चौकशी केली. बाहेर येऊन मी जिन्यावर बसून रडले. बाईंचा जबाब घ्यायला आलेले पोलीस अधिकारी तिथेच होते. मी त्यांना सगळं सांगितलं. कपाट, गवंडी, तुझा फोन, माझं बोलणं, काही ठेवलं नाही, आणि खाली सही केली. तुझा कागदही त्यांच्याच हातात दिला. सोमवारी तुला बोलावतील. मी तुझ्या कागदावर सही केली असं समजून तू जाशील आणि तेच घोकलेलं बोलशील, म्हणून हे पत्र. तिथे खोटं बोलू नकोस रे सोन्या. तुझ्या आईनेच तुझ्याविरुद्ध जबाब दिलाय.

तुझीच,
आणि तुझ्याइतकीच दोषी,
आई