माडीवरची शांती

लेह

चि. जयराज,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल हाय. थंडी लय हाय, पण बूट चांगलं मिळाल्यात, आईला तेवढं सांग.

तू फोन बंद ठेवलायस, म्हणून कागद काढला. तुझी वहिनी सांगत होती, पाचगणीच्या शिबिरातनं आल्यापासनं तू स्वतःवर काम करतोयस. वा रं पठ्ठ्या! रानात काम करायचा कंटाळा, आन् स्वतःवर करायला अख्खी माडी लागती. सकाळभर मौन धरून आतला माणूस शोधतोस म्हणं. घावला का? घावला तर त्याला तरी उसाला पाणी पाजायला धाड.

आईचं गुडघं कसं हायत? तुला ठावं नसंल तर खाली जाऊन इचार.

तुझं ध्यान मोडू नये म्हणून ती आता कुकर लावत न्हाई. भाकरी थापल्याचा आवाज माडीवर जातो, म्हणून तिनं गोठ्यात चूल मांडलीया. लहानपणापासनं त्याच आवाजानं आपण दोघं जागं झालो. आता त्यानं तुझी शांती मोडती, आन् म्हशींना मात्र तो चालतो!

खरंच मनात काय सलत असंल, तर मला लिही. त्याला मी हसणार न्हाई. पण सुधारायचंच ठरवलं असशील, तर आधी जिना उतर.

दिवाळीला सुट्टी मिळालीया. कवा पोचतो ते कळवणार न्हाई. दारात आलो की घरातनं भाकरी थापल्याचा आवाज आला पाहिजे.

तुझा,
उदयदादा