मथूचं जाकीट भिजू नये म्हणून

हा कागद इकडच्याच हाती लागावा म्हणून खिडकीत ठेवते आहे. सासूबाई पूजेला बसल्यात, तेवढ्यात लिहिते.

मथूची जन्माची वाकडी पाठ सरळ व्हावी म्हणून ठाण्याहून नेऊन मुंबईच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचं जाकीट घालून घेतलं. घालताना लेकराला टांगलं होतं. ते भिजलं तर पुन्हा टांगतील.

कालपासून मी बाजूला बसले आहे. विटाळ कपड्यांना लागतो, म्हणून इतर मुलं कपडे काढून आईपाशी येतात. हिचा जाकिटाखालचा गंजीफ्रॉक निघत नाही. ती मला शिवली की सासूबाई तिला न्हाऊ घालणारच. "पाण्यानं कुणी मेलंय का गं?" असं कालच म्हणाल्या.

सकाळी मथू दाराशी येऊन म्हणाली, "आई, मी परकर काढला. आता घे ना." मी आतून कडी लावून गप्प बसले. ओ दिली असती तर ती हललीच नसती. जाताना म्हणाली, "माझी पाठ वाकडी म्हणून ना?"

इकडून तिला खरं काय ते समजावणं व्हावं. माझ्या भिंतीला टेकूनच सांगावं, म्हणजे मलाही ऐकू येईल.