नायकाचा जुना शिक्का

अण्णा, आज दसऱ्याच्या साफसफाईत तुमची शाळेची ट्रंक उघडली आणि मी तिथंच फरशीवर बसले. उठवेना. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, नाहीतर तोंडावरच विचारलं असतं.

तुमची ती जुर्चेन टोळीच्या नायकाची गोष्ट आठवते? आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून सांगताय. मंचुरियातला टोळीनायक मारला जातो, सोबत थोरला मुलगाही. धाकटा कैद होतो. नायकीचा शिक्का हरवला म्हणून चीनचा बादशहा नायकाच्या सावत्र भावाला नवा देतो. मुलगा सुटून येतो, तर चुलता हटायला तयार नाही. शेवटी टोळीचे दोन तुकडे. सांगून झालं की म्हणायचात, चुलते सगळीकडं सारखेच. टोमणा कुंभारीच्या धाकट्या आजोबांना असायचा, हे आम्हाला लहानपणीही कळायचं. तुमचे वडील गेले आणि घराण्याचा चांदीचा खंडोबाचा टाक कुणाच्या देवघरात राहावा यावर तुमचं नि तुमच्या या चुलत्याचं वाजलं. त्याच आठवड्यात टाक नाहीसा झाला. तुम्ही त्यांना चोर ठरवलंत. त्यांनी निमूट नवा टाक घडवून घेतला, तर म्हणालात, बघा, काय सोंग करतोय.

मी सहावीत असताना ते पिशवीभर बोरं घेऊन आले होते. मी दारातच त्यांना म्हटलं, आधी आमचा देव आणा.

"पोरी, म्या न्हाय गं नेला," एवढंच म्हणाले नि बोरं उंबऱ्यावर ठेवून गेले.

तुम्ही आतून सगळं ऐकत होतात. संध्याकाळी मला शाईचं पेन आणून दिलंत. मी ते वर्षभर मिरवलं.

ट्रंकेत तुमची टाचणवही होती, तिच्याखाली कंपासपेटी, आणि पेटीत टाक. वहीत ती गोष्ट तुमच्या अक्षरात आहे, आम्हाला कधीच न सांगितलेल्या शेवटासकट. पुतण्या परतला तेव्हा जुना शिक्का त्याच्याकडंच होता. बादशहानं परत दे म्हटलं तरी त्यानं दिला नाही. खाली लाल रेघ ओढलीय. काय माणूस हो तुम्ही! जन्मभर पोरांना इतिहास शिकवलात आणि घरात अर्धाच सांगितलात.

धाकटे आजोबा अजून आहेत, दिसत मात्र नाही त्यांना. दुपारी टाक रुमालात गुंडाळून मी रिक्षानं कुंभारीला गेले. ते ओट्यावर बसले होते. चाहूल लागली तशी मान वर करून म्हणाले, "कोण हाय?"

मी पर्समधला रुमाल चाचपला. उभी राहिले आणि परत फिरले. टाक माझ्या पर्समध्येच आहे, अण्णा.