एकूण सदस्य दोन

३ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची खंडाळ्याला! दोन ट्रंका, शिलाई मशीन, कुंडीतला गवती चहा आणि मी. घोरावाडीच्या घराला कुलूप लावताना वाटलं होतं, वाटेत रडू येईल. पण टेम्पोवाल्याने लोणावळा येईपर्यंत सासऱ्याच्या मोतीबिंदूची गोष्ट इतकी रंगवून सांगितली की रडायला सवडच मिळाली नाही.

संस्थेने दिलेला बंगला म्हणजे दोन खोल्या. पुढे बैठकीची, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक दार. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दरी दिसते आणि खालून गाडीचा भोंगा वर येतो. यांची सगळी नोकरी घोरावाडी स्टेशनच्या तिकीट खिडकीत गेली. भोंग्यावरून गाडी ओळखायचे. मला काही ती विद्या आली नाही.

कामाला जवळच्या औंढे गावाहून बायडाबाई येणार आहे. ट्रंकेवरचं यांचं नाव बघून तिने विचारलं, साहेब मागनं येनार हायेत व्हय? मी सांगितलं, साहेब गेले, येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. तिने ट्रंक आत सरकवली. मग म्हणाली, असू द्या बाई, मी हाय की. एकसष्टाव्या वर्षी नवी नोकरी आणि पहिल्याच दिवशी एक माणूस मिळालं. आणखी काय हवं?

५ नोव्हेंबर, बुधवार

पुण्याहून किरण आली होती. तिशीची मुलगी, आमच्या कामाची प्रमुख. मला काकू म्हणते आणि चहात साखर घेत नाही.

काम असं आहे. देश आज कसा जगतो आहे, हे संस्था आजच्या आज सांगते. पूर्वी असे हिशेब यायला महिने जायचे. आता टोलनाक्यावरचे ट्रक, विजेचा वापर, रेल्वेची तिकिटं, फोनचे रिचार्ज, दुकानात फोनवरून दिलेले पैसे, सगळं क्षणाक्षणाला गोळा होतं आणि रोज सकाळी नऊला एक आकडा निघतो. त्यासाठी देशभर काही घरं निवडलेली आहेत. मावळातली दोनशे चाळीस माझ्याकडे.

पडद्यावर प्रत्येक माणसाची एक ओळ. खरा खर्च काळ्या आकड्यात. एखाद्याची खबर आली नाही तर यंत्र त्याच्या जुन्या सवयी बघून अंदाज भरतं, तो राखाडी आकड्यात. मात्र घराची एकूण बेरीज एकच असते आणि ती त्या घरातल्या माणसांत वाटली जाते; एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा कमी होतो. कुणी सलग पंधरा दिवस राखाडी राहिलं तर त्याला यादीतून वगळायचं. वाडीवरच्या पुष्कळांना लिहिता येत नाही, म्हणून नावं घालणं आणि वगळणं दोन्ही तोंडी. टेबलावर एक छोटं यंत्र आहे, त्यात नाव मोठ्याने म्हणायचं. संपलं.

खंडाळ्यातलं एक घर नुकतंच सोडून गेलं, तर त्याच्या जागी काकू तुम्हीच या, असं किरण म्हणाली आणि निघून गेली. मी फॉर्म उघडला. एकूण सदस्य किती?

मी दोन लिहिलं.

मुद्दाम नाही. छत्तीस वर्षं रेशनकार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत दोनच लिहीत आले. आम्हाला मूल नाही. यंत्राने नावं विचारली. मी शालन म्हटलं. ते दुसऱ्या नावासाठी थांबून राहिलं. यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधी नाही. दवाखान्यातसुद्धा कागदावर लिहून दिलं होतं. आज खोलीत कुणी नव्हतं. मी हळूच म्हटलं, कैलास.

यंत्र हिरवं झालं. यांचा फोन नंबर मागितला, तोही दिला. तो नंबर मी अजून दर महिन्याला रिचार्ज करते. का, ते विचारू नये.

उद्या खोडेन.

८ नोव्हेंबर, शनिवार

डोंगरावरच्या वाडीत माझ्या यादीतल्या कान्हूआबांकडे गेले होते. ते सहा दिवस राखाडी होते. बघते तर आबा अंगणात ऊन खात बसलेले. बहिणीकडे गेले होते, फोन मडक्यात ठेवून. मी सांगितलं, आबा, यंत्राने तुमच्या नावावर रोज दहा रुपयांची तंबाखू मांडली आहे. ते हसून हसून खोकायला लागले. मी हितं नव्हतो, आन् मीच तंबाखू खाल्ली? लय भारी! ईचारा त्याला, माज्यासाटी चिमूटभर ठिवली का न्हाई!

येताना एकटीच हसत होते. यांना सांगायला हवं होतं.

अजून खोडलेलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज आमच्या घराच्या ओळी उघडल्या. यांच्या नावापुढे राखाडी आकडे आहेत. सकाळी वर्तमानपत्र. दुपारी चारला चहा, बारा रुपये. त्यांच्या फोनमधल्या जुन्या नोंदींवरून यंत्राने सवयी बरोबर उचलल्या. चारला ड्यूटी सुटली की स्टेशनबाहेर उभ्याने एक चहा, मग घर.

मी बोटाने पडदा पुसावा तसा तो आकडा पुसून पाहिला. रडले, पण बरं वाटलं. देशाच्या आजच्या आकड्यात कुठेतरी यांचा एक चहा आहे. कुणाचं काय गेलं त्यात?

लहानपणी बोर्डिंगमध्ये मारिया नावाची मुलगी टायफॉइडने गेली. आम्ही मुली आठवडाभर हजेरीला तिच्या नावावर ‘प्रेझेंट सिस्टर’ म्हणत राहिलो, कुणी ना कुणी. सिस्टर बेनेडिक्टांना माहीत होतं. आठव्या दिवशी त्यांनी आमच्यासमोर पट्टी ठेवून ते नाव लाल शाईने खोडलं आणि मग स्वतःच रडल्या. म्हणाल्या, नाही खोडलं तर ती बिचारी जाणार कशी?

आज ते का आठवलं कोण जाणे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नीट लिहायला हवं.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी यांच्या ओळीत नवी नोंद आली. श्रीखंडाच्या गोळ्या, पाच रुपये. आणि आकडा काळा.

या गोळ्या ते रोज माझ्यासाठी आणत. नेहमी सुट्ट्या नाण्यांनी. फोनवरून कधीच नाही. त्याची नोंद कुठे असणंच शक्य नाही. यंत्राला कुणी सांगितलं?

नोंदीतलं दुकान कोपऱ्यावरच्या दस्तगीरभाईंचं होतं, म्हणून तशीच चपला घालून गेले. ते म्हणाले, बाई, काय सांगू, चार वाजता हे डबडं आपलं आपणच ओरडलं, पाच रुपये प्राप्त झाले! समोर कुत्रं नाही. मला वाटलं, गाडीतल्या कुणा पाहुण्याने पाण्याचे पैसे उशिरा दिले. वर हसून म्हणाले, माझी बायको मेहमुदा म्हणते, गिऱ्हाईक नसताना गल्ला भरणारा हा एकच नोकर ठेव, मला सुट्टी दे.

मी गवती चहासाठी आलं घेतलं, फोनवरून पैसे दिले. डबडं बोललं नाही. भाई म्हणाले, नेटवर्क.

घरी आले. टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी. तोंड दोनदा पिळलेलं, यांच्यासारखं. आत पाच गोळ्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

एक गोळी खाल्ली. तीच चव.

देवा, मी इतकी वेडी, मला भीती वाटली नाही. मी साडी बदलली. चारच्या आधी वेणीफणी करून बसले.

पुढच्या खोलीत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. धावत गेले. कुणी नाही. खुर्ची ऊबदार होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

माझी ओळ राखाडी आहे. पंधरा तारखेला दुकानात आलं घेतलं, तेव्हापासून.

दूध मी घेतलं, भाजी मी घेतली. खात्यातून पैसे गेले. तरी माझ्या नावापुढे नुसता अंदाज, आणि तोही रोज कमी कमी. यांची ओळ काळी, ठसठशीत. घराची बेरीज तीच.

किरणला फोन लावला. हॅलो, हॅलो काकू, आवाज येत नाही, असं म्हणत राहिली. मी ओरडत होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

स्वयंपाकघरात पाटावर बसून शेंगा सोलत होते. बायडाबाईने माझ्या अंगावरून केरसुणी फिरवली. लागलं नाही. हाक मारली. तिने वळून दाराकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

मग पुढच्या खोलीत जाऊन ती कुणाशी तरी बोलली. मी शब्द न् शब्द ऐकला. साहेब, भाकरी एकाचीच टाकू ना? बाईंचं लय वाईट झालं बगा. कवा गेल्या म्हनायच्या? व्हय, व्हय. असू द्या साहेब. मी हाय की.

त्यांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. फक्त खाकरणं. छत्तीस वर्षांचं ओळखीचं खाकरणं — बोलता येत नसलं की करायचे तसं.

धावले. दार उघडलं. रिकामी खोली. ती बाहेर पायरीवर चपला घालत होती.

२३ नोव्हेंबर

आता समजलं. मी आहे तिथे ते नाहीत. ते आहेत तिथे मी नाही. मध्ये दार.

पुढच्या भिंतीवर त्यांचा फोटो मी लावला होता. आज तिथे माझा आहे. बोर्डिंगच्या स्नेहसंमेलनातला, दोन रिबिनींचा. त्यांनी पाकिटात ठेवला होता तो. त्याला हार — ताजा आहे.

त्याखाली स्टुलावर गोळ्यांच्या पुड्या. आठ. रोजची एक. एकही उघडलेली नाही.

अहो, मी खाल्ली असती.

२५ नोव्हेंबर

खोडायला गेले. खरंच गेले. यंत्रासमोर बसले. एक शब्द म्हणायचा आहे. ते नाव म्हटलं की त्यांची ओळ जाईल, मी काळी होईन. बायडाबाईला दिसेन. दस्तगीरभाईंचं डबडं बोलेल.

दवाखान्यात यांची श्वासाची यंत्रं बंद करायच्या कागदावर सही मीच केली होती. डॉक्टरांनी विचारलं आणि मी सही केली. ते कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्यांदा नाही.

२७

किरण आली होती. पुढे बसली होती. तिचा आवाज दारातून. काका, तुम्ही जेवता ना नीट? काकूंची ओळ तीस तारखेला पंधरा दिवस राखाडी होईल. नियम आहे. मी नाही करू शकत, घरातल्याच माणसाने नाव म्हणायचं असतं. नुसतं नाव म्हणायचं. हवं तर मी थांबते त्या दिवशी.

मग ते रडले. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं. त्यांची आई गेली तेव्हाही नाही.

दारावर डोकं टेकून उभी होते. दार थंड. माझा हात — हात दिसतो अजून, पण त्याच्या आरपार साडीवरची फुलं दिसतात —

२८

भूक नाही. गोळीला चव नाही.

सकाळचा आकडा वर गेला. देशाचं बरं चाललं आहे. घराची बेरीज तीच.

२९

त्यांना वाटतं मी गेले. मी कशी सांगू — हाक मारली तर — छत्तीस वर्षं नुसतं अहो म्हटलं. अहो त्यांना ऐकू जात नाही. यंत्रालाही कळत नाही. नाव घेतलं तर ऐकू जाईल, असं का वाटतं? पहिल्यांदा नावानेच आले ना.

पण त्याच नावाने जातील.

३० नोव्हेंबर

चार वाजले. भोंगा झाला. ओळखली गाडी! पुण्याची. पहिल्यांदाच ओळखली. त्यांना सांगायला —

खुर्ची ओढली. बसले.

यंत्र विचारतं आहे. वगळायच्या सदस्याचं नाव मोठ्याने सांगा.

ते गप्प आहेत. त्यांनीही माझं नाव कधी घेतलं नाही. अगं म्हणायचे. अगं, आलो. अगं, भूक.

यंत्र पुन्हा विचारतं आहे.

माझ्या तोंडात त्यांचं नाव आहे. दात घट्ट मिटून बसले आहे. नाही म्हणणार. नाही —

खाकरले.

अहो नका. पुड्या उघडल्या नाहीत म्हणून — मी रुसले नाही, मी इथे पाटावर — मला नीट ऐकू येतंय — तुम्ही किती हळू म्हणता हो — शा —

अहो मी आहे मी इथेच आ