खाडी हटाव मोहीम

३० जून
सोसायटीच्या जलसमितीवर अध्यक्ष म्हणून माझी एकमताने निवड. दुसरं कोणी उभं नव्हतं, पण एकमत ते एकमत. बोअरिंगचं पाणी खारट लागतंय, म्हणजे खाडी बोरीवलीच्या खालून आत शिरतेय. माझा प्लॅन: गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपने मागच्या कोळीवाड्यातल्या जयाच्या विहिरीत सोडायचं. गोडं पाणी साठलं की खाडी गपगुमान मागे हटेल. मग त्याच विहिरीवर आपणही पंप लावायचा.

२ जुलै
जया आमची मासेवाली. विहीर तिच्या आजेसासऱ्यांनी खणलेली, बारा घरं त्याच विहिरीचं पाणी पितात. नको म्हणत होती. शेवटी मी शब्द दिला, खारट झालं तर मला येऊन विचार. आमची सुगंधा मध्येच म्हणाली, "ह्यांच्या शब्दावर जाऊ नकोस गं." बायको असावी तर अशी!

१८ ऑगस्ट
विहीर काठोकाठ. झकास! सी विंगच्या राजेशला पहिला पेला पाजला. रात्री त्याचं पोट बिघडलं. गच्ची धुवायची राहिली होती, आणि कबुतरं काय कमी आहेत? पण चव गोड होती, हे त्यानेही मान्य केलं.

१० ऑक्टोबर
सोसायटीचे पाण्याचे टँकर बंद करवले. विहिरीवरचा पंप रोज दोन तास.

१५ नोव्हेंबर, दु. १२.४०
विहिरीत दोरी सोडून मोजलं. सकाळपेक्षा पाणी नऊ इंच वर! पाऊस जाऊन महिना झाला. रिचार्ज आता मुरायला लागलाय.

१६ नोव्हेंबर, दु. १.३०
आजही चढलं, फक्त पन्नास मिनिटं उशिरा. जया म्हणाली, "भाऊ, ती भरती हाय. कालच पुनव झाली ना." गरीब बाई, तिला शास्त्र कुठून कळणार! पंप सहा तास करायला सांगितला.

९ जानेवारी
राजेश म्हणतो, डाळीत मीठ घालावं लागत नाही. मी म्हटलं, खनिजं असतात. खारेपणा मोजायचं मीटर आणलं, ते बिघडलेलं निघालं. दुसरं मागवलं. तेही बिघडलेलं.

४ फेब्रुवारी
पंप बंद. आठ दिवसांत पाणी गोड होणार, नक्की.

१३ फेब्रुवारी
नाही झालं. पार्ल्याहून पुतण्या सुबोध आला, इंजिनियर आहे. म्हणाला, पावसाचं हलकं पाणी वर तरंगत होतं, ते तुम्ही उपसून टाकलंत काका, आणि खालून खाडी वर आली. किती दिवसांत सुधारेल, विचारलं. दिवसांत नाही, म्हणाला. वर्षं लागतील. कदाचित नाहीच. मला जेवण गेलं नाही.

२ मार्च
टँकर परत सुरू. गेटवर जया दोन हंडे घेऊन उभी. वॉचमन सोडेना, मेंबर नाही म्हणून. मी खाली धावलो. वाटलं, आता चार शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. सुगंधाने हंडे भरून दिले. जयाने चुंबळ नीट केली, हंडा डोक्यावर चढवला आणि मला एवढंच विचारलं, "भाऊ, उद्या टँकर किती वाजता येल?"
मला माहीत नव्हतं.