‘मेक’चा अर्थ

३ मार्च

धाकट्या बहिणीकडे येऊन आठवडा झाला. मेहुणे दवाखान्यात, धाकटी दिवसभर त्यांच्यापाशी, म्हणून घर माझ्याकडे. आणि घरात तिचा दीर! पुढच्या खोलीत बोर्ड लावून इंग्रजी बोलायला शिकवतो. मी उभा जन्म शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवलं. आता भाजी चिरता चिरता हे ऐकायचं.

हा आठवडा ‘मेक’चा. ‘मेक म्हणजे बनवणे. संपला विषय.’ कसा संपला? पलंग बनवणे? क्लासला येणाऱ्या पार्लरवालीने नेमकं हेच विचारलं — ‘मेक द बेड’ म्हणजे काय? तर हा म्हणतो, सुतारकाम. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी विळीवर बोट कापून घेतलं.

५ मार्च

जेवताना न राहवून सांगितलं. पलंग ‘मेक’ म्हणजे अंथरूण नीट करणं. मैत्री जुळवणं, मन पक्कं करणं, वेळेत पोहोचणं, एखाद्याला भाग पाडणं — सगळीकडे ‘मेक’. तो आमटी भुरकत म्हणाला, ‘ताई, एवढं सांगितलं तर पोरं पळून जातील.’

वर हसला. अज्ञानालाही एक टवटवी असते म्हणायची.

६ मार्च

आज ‘मेक टी’. चहाही मीच केला.

९ मार्च

दवाखान्यात गेले. मेहुण्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, धाकटीला जेमतेम सही. डॉक्टरांना आपली भाषा येत नाही. मग दुभाषी कोण? अर्थात क्रियापदसम्राट! मला स्टुलावर बसवून हा पुढे. डॉक्टर चार वाक्यं बोलले की हा अर्धं सांगतो, तेही गोड करून. धाकटी त्याच्या तोंडाकडे बघत बसते, जशी काही आकाशवाणी चालू आहे.

मेहुणे मात्र खुशीत दिसले. भावाच्या क्लासची चौकशी केली. घरी आल्यावर व्हरांड्याला रंग काढायचा म्हणाले. कोणता, यावर नवराबायकोचा वाद. तिला पिवळा हवाय.

१२ मार्च

आज त्याचं पितळ उघडं पाडलं.

संध्याकाळी डॉक्टर आले. मेहुणे डोळे मिटून पडलेले. डॉक्टरांनी कागद चाळले आणि हळूच म्हणाले, ‘ही मे नॉट मेक इट.’ लगेच पुढच्या खाटेकडे वळले. धाकटीने दिराकडे पाहिलं. हा शांतपणे म्हणतो, ‘वहिनी, दादाला इतक्यात काही काम जमणार नाही म्हणतात. आराम हवा.’

काम! माझ्या डोक्यात तिडीक गेली. बायकोला नवऱ्याची अवस्था कळू नये, का — तर ह्या गृहस्थाला एक क्रियापद येत नाही म्हणून? मी उठले. वर्गात बोलायचे तशी बोलले, मागच्या बाकापर्यंत आवाज जाईल अशी. ‘चूक. ‘मेक इट’ म्हणजे इथे वाचणं. मेहुणे बहुधा वाचणार नाहीत, असं सांगितलं डॉक्टरांनी.’

धाकटी मटकन खाली बसली. वाईट वाटलं, पण कुणीतरी खरं सांगायला हवंच होतं. ह्याचा चेहरा पांढराफटक. एक शब्द नाही. घरी येतानाही नाही. बरं झालं. एकदा तरी बोलती बंद झाली.

१३ मार्च

मेहुण्यांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेत. धाकटी रंगाचं काहीबाही बोलत राहिली, त्यांनी मान वळवली नाही. तिचा हात तेवढा धरून ठेवला होता. नर्स म्हणाली, कालपर्यंत किती बोलायचे!

क्लासला सुट्टी. बोर्ड कोरा.

१४ मार्च

मेहुणे पहाटे गेले.

बाहेर बाकावर दीर माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, ‘अर्थ मलाही कळला होता, ताई. दादा जागा होता.’